मामांनी पाहिलेले पावसाळे

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू गावातून तिशीतल्या एका सुनेनं लिहिलं आहे. त्या कृषी पदवीधर आहेत. नवरा चाकणला कंपनीत असतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. घरची अकरा एकर जमीन त्या आणि त्यांचे सासरे, म्हणजे मामा, मिळून बघतात. मामा चौसष्ट वर्षांचे आहेत आणि पेरणी नक्षत्र बघूनच करतात. 2025 च्या मे महिन्यात धो धो पाऊस झाला. त्यांच्या महसूल मंडळात शंभर मिलिमीटरच्या वर नोंद झाली आणि फोनवरचं ॲप पुढेही पाऊस दाखवत होतं. मामा म्हणाले, "अजून रोहिणी चालू आहे, मृग लागू दे." यांनी हट्टानं सगळं सोयाबीन पेरून घेतलं. पाऊस गायब झाला आणि दुबार पेरणी करावी लागली. मामा एका शब्दानं बोलले नाहीत, पण गावात यांचं नाव 'ॲपवाली सून' पडलं आणि मामांनी पारावर जाऊन बसणं सोडलं. यंदाचं विचारलं की मामा म्हणतात, "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच ठरवा. आम्ही काय, चार पावसाळे जास्त पाहिलेत एवढंच." पत्रात पुढे आहे: "2023 ला मामांचाही कापूस धूळपेरणीत (पावसाआधी कोरड्या रानात केलेल्या पेरणीत) गेला होता, पण ते सालच वेगळं होतं. आत्याबाई (सासूबाई) नेहमीप्रमाणे गप्प असतात, त्यांचा प्रश्न नाही. यंदा मुकाट्यानं मामांचं ऐकू, की माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवू? शहाणपण नेमकं कुणाकडे आहे, हेच मला कळेनासं झालंय."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तीन वाक्यांशी अडखळलो: मामांचं 'चार पावसाळे', तुमचं 'ते सालच वेगळं होतं' आणि 'त्यांचा प्रश्न नाही'. माझं उत्तर या तीन वाक्यांभोवतीच फिरणार आहे.

आधी गेल्या खरिपाचा हिशोब नीट मांडू, कारण तुम्ही तो 'मामा बरोबर, मी चूक' एवढ्यावर मिटवून टाकलाय. 2025 ला मान्सून 24 मे रोजी केरळात आला आणि 26 मेला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंदच नव्हती. मग 29 मेच्या सुमारास त्याची चाल थांबली आणि जूनच्या मध्यापर्यंत तो जवळजवळ जागीच राहिला. याच काळात कृषी विभाग 'पेरणीची घाई करू नका' असं सांगत होता. म्हणजे तुमचं ॲप एकीकडे होतं, आणि ज्या शास्त्राची तुम्ही पदवी घेतलीत ते शास्त्र मामांच्या बाजूला बसलं होतं. जुनं विरुद्ध नवं अशी ही लढाई नव्हतीच. तुमच्या हातात एक फोन होता आणि मनात घाई होती.

यावर तुम्ही म्हणाल, आणि रास्तच म्हणाल, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हा कृषी विभागाचाच नियम, आणि तो तर मे महिन्यातच पुरा झाला होता. इथे थोडं थांबू. हा नियम कशावरून आला? पावसाची ओल खोलवर मुरली पाहिजे, म्हणजे पुढे आठ-दहा दिवसांची उघडीप आली तरी कोवळं रोप तग धरतं. नियमाच्या पाठीमागे गृहीत धरलेला पाऊस जूनचा आहे: आभाळ भरलेलं, हवा दमट, जमीन थंडावलेली. मेचा पाऊस तापलेल्या रानावर पडतो, आणि तो थांबला की ऊन-वारा वरची ओल चार दिवसांत ओढून नेतात. सोयाबीनचं बी आपण टाकतो जेमतेम तीन-चार सेंटिमीटर खोल. आकडा जुळला, पण आकड्यामागची अट जुळली नाही.

कारण सोडून नुसता आकडा हातात धरला की शास्त्राचा नियमही पंचांगातल्या वाहनासारखाच होतो, म्हणजे प्रत्येक नक्षत्राला पंचांग जो प्राणी देतं आणि त्यावरून पाऊस सांगतं, तसा. बेडूक आहे म्हणजे पाऊस, शंभर मिलिमीटर आहेत म्हणजे पेरा. दोन्हीकडे 'कशावरून?' हा प्रश्न गळून पडलेला असतो. तुमच्या घरात शहाणपण कुणाकडे आहे, यापेक्षा हा प्रश्न कोण कुणाला विचारतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मला तरी असं दिसतं की तिथे कुणीच कुणाला तो विचारत नाही. मामा हुकूम देतात, तुम्ही ॲप दाखवता.

आता मामांच्या नक्षत्रांकडे येऊ. शिकलेली माणसं यांना एक तर पूजतात नाही तर हसतात, आणि दोघंही ती नीट ऐकत नाहीत. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो, त्यामुळे पावसाळ्याचे पंधरवड्यासारखे तुकडे पडतात. ज्याच्या हातात कॅलेंडर नव्हतं त्याच्यासाठी ही उत्तम दैनंदिनी होती. आता म्हणी बघा. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती.' 'न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा.' मघाची म्हण तुम्हाला ठाऊक असेलच; ती पडली तर चुलीपुढे काय करावं लागतं ते या सदरात छापता येणार नाही, आमची आजीही तेवढं तोंडातल्या तोंडात म्हणायची. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. एकही म्हण 'पाऊस पडेल' असं सांगत नाही. सगळ्या 'पडला तर' आणि 'न पडला तर' असंच बोलतात. पाऊस कधी येणार याचं भाकीत त्यात नाही. आला तर पिकाचं काय होईल आणि नाही आला तर कशाची तयारी ठेवायची, एवढंच आहे.

फोनवरचं ॲप याच्या बरोबर उलटं. ते पाऊस येण्याबद्दल बोलतं, आणि आल्यावर तुमच्या मुरमाड तुकड्याचं काय होईल याबद्दल त्याला काहीच सांगायचं नसतं. ते जेव्हा साठ टक्के म्हणतं तेव्हा अशा दहा दिवसांपैकी सहा दिवस पाऊस होतो आणि चार दिवस होत नाही, असा त्याचा अर्थ. तेही तुमच्या बांधासाठी नव्हे, मोठ्या चौकोनासाठी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं विकसित केलेली आणि 2025 च्या मे महिन्यात सुरू झालेली नवी अंदाज प्रणालीसुद्धा सहा किलोमीटरच्या चौकोनात पाहते. सहा किलोमीटरमध्ये मराठवाड्यात किती वेगवेगळे पाऊस मावतात हे तुम्ही मला सांगावं, मी तुम्हाला नाही.

म्हणून मामा आणि ॲप एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देत नाहीत. प्रश्नच दोन आहेत. तुम्ही त्यांची कुस्ती लावलीत, आणि गेल्या वर्षी ॲप चीत झालं म्हणून आता मामांना फेटा बांधायला निघालात.

तसं करू नका. कारण मामांच्याही काही गोष्टी तपासायला हव्यात. पंचांगातल्या वाहनावर माझा विश्वास नाही, हे मोकळेपणानं सांगतो. एकच वाहन सगळ्या महाराष्ट्राला लागू, आणि पाऊस मात्र एका शिवारात पडतो, शेजारच्यात नाही. दुसरं, मृग आज 7-8 जूनला लागतो, पण तो कायम तिथे नव्हता. पृथ्वीचा अक्ष संथपणे फिरतो, त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानानं साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. ज्ञानेश्वरांच्या काळात, म्हणजे सव्वासातशे वर्षांपूर्वी, मृग आजच्यापेक्षा दहाएक दिवस आधी लागत असणार. ही माहिती मामांच्या तोंडावर मात्र फेकू नका. वाद जिंकायला ती झकास आहे आणि घर चालवायला निरुपयोगी. तिचा उपयोग एवढाच, की 'बापजाद्यांपासून मृगातच' या वाक्यातला बापजादा किती मागचा, हे तुमच्या मनाशी असू द्या.

तिसरं त्याहून जवळचं आहे. म्हणींमध्ये भात आहे, रब्बीच्या ज्वारीचे मोती आहेत. सोयाबीन कुठे आहे? मराठवाड्यात ते पसरलं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. मामांच्या वडिलांनी बहुधा ते पेरलंच नसेल. म्हणजे तुमच्या घरात सोयाबीन पहिल्यांदा कुणी आणलं असेल तर ते मामांनीच, आणि त्या वेळी त्यांच्या वडिलांनीही 'हे कसलं परकं पीक' म्हटलं असण्याची बरीच शक्यता आहे. विचारा त्यांना. रात्री जेवणं झाल्यावर, सल्ला मागितल्यासारखं नाही, गोष्ट ऐकायला बसल्यासारखं: "मामा, पहिलं सोयाबीन पेरलं तेव्हा घरात काय झालं होतं?" तुमच्याशी बोलणारे मामा तुम्हाला त्या गोष्टीत सापडतील असं मला वाटतं.

आता ते 'सालच वेगळं होतं'.

2023 ला मान्सून केरळात 8 जूनला आला आणि मुंबईत 25 जूनला पोचला. पुढे ऑगस्ट तर देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा ठरला. त्या वर्षी मृग कोरडा गेला, मामांची धूळपेरणी वाया गेली, आणि तुम्ही स्वतःच, आज तीन वर्षांनी, त्याचा दोष सालावर टाकताय. 2025 चं सालही वेगळंच होतं की. त्या वेळी दोष सालाचा झाला नाही, सुनेचा झाला. मामांची चूक हवामानाच्या खात्यात आणि तुमची चूक तुमच्या नावावर, ही वाटणी पारावरच्या लोकांनी केली हे मी समजू शकतो, पण तुम्हीही तीच खरी मानून बसलात याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि 2025 च्याच सप्टेंबरात काय झालं? मराठवाड्यात पुराच्या पाण्यानं वेळेवर पेरलेल्यांचं उभं सोयाबीनही नेलं. त्यांचा जूनमधला निर्णय त्यामुळे चुकीचा ठरतो का? कोरडवाहूत निर्णय चांगला असूनही पीक जातं, आणि निर्णय वेंधळा असूनही कधीकधी कोठी भरते. एका सालाच्या निकालावरून शहाणं कोण, ते ठरवू लागलो तर दरवर्षी नवा शहाणा निवडावा लागेल.

इथे जरा मामांच्या वयाच्या वाचकांशी बोलतो, कारण हे सदर तेही वाचतात, चष्मा पुसून वाचतात आणि मला पत्रंही लिहितात. आपल्याकडे वय पावसाळ्यात मोजतात, उन्हाळ्यात नाही, हे किती बरोबर आहे! पावसाळाच माणसाला शिकवतो. पण 'चार पावसाळे जास्त पाहिलेत' हे वाक्य आपण वापरतो ते समोरच्याचं तोंड बंद करायला. पाहिलेत ना? मग सांगा की ते. त्यातला कुठला फसला, त्या वर्षी कुणाकडून बियाणं उसनं आणलं, आभाळात काय दिसलं होतं ज्यावर विश्वास ठेवला आणि तोंडघशी पडलो. माणूस फळलेली वर्षं सांगतो आणि फसलेली गिळतो. तरुणांना नेमकी गिळलेलीच हवी असतात, कारण फळलेल्या वर्षाच्या गोष्टीत पावसाचं श्रेय किती आणि आपलं किती हे कुणालाच वेगळं काढता येत नाही.

ताई, पुन्हा तुमच्याकडे. मामा पारावर जात नाहीत, म्हणजे त्यांना तुमची लाज वाटते, असं तुम्ही धरून चाललात. ते तुम्हाला कुणी सांगितलं? सुनेवर हसणाऱ्यांच्या पंगतीत बसणं त्यांना नको झालं असेल, असंही होऊ शकतं. दुबार पेरणीचा खर्च बसला त्या दिवशी जो माणूस एका शब्दानं बोलला नाही, तो रागानं गप्प होता की जपून, हे दुरून मला कळणार नाही. 'तुम्ही शिकलेली माणसं' हे वाक्य टोमणा वाटतं खरं, पण आपला शब्द डावलला गेल्यावर तो पुन्हा द्यायची भीतीही माणसाकडून असंच बोलवून घेते.

माफी मागायची का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्रभर ते पसरलं आहे. मागा. पण 'तुमचं ऐकायला हवं होतं' असं म्हणू नका, त्यानं पुढच्या प्रत्येक वर्षाची सही आजच होऊन जाते. 'मी घाई केली आणि एकाच दिवशी सगळं रान पेरलं' असं म्हणा. खरी चूक तेवढीच होती. शिक्षणाची माफी मागायची गरज नाही.

यंदाच्या पेरणीचं मला जे सुचतं ते सांगतो. तुमच्यासारख्या इतरांनाही कदाचित उपयोगी पडेल.

सगळी अकरा एकर एका मुठीत टाकू नका. रान एकसारखं नसतं. भारी काळं रान ओल धरून ठेवतं, मुरमाड तुकडा दोन दिवसांत कोरडा पडतो. कुठला तुकडा आधी पेरायचा आणि कुठला पुढच्या पावसाची वाट पाहत ठेवायचा, हे ठरवताना मामांइतकं मोठं पुस्तक तुमच्याकडे नाही. त्यांना 'कधी पेरायचं?' विचारलंत की 'मृगात' असं उत्तर येईल आणि विषय संपेल. 'नाल्याकडचं रान आधी की टेकाडाचं? कशावरून?' असं विचारा, आणि घरात बसून नाही, वापशावर, म्हणजे माती पेरणीजोगी ओली असताना, रानात जाऊन विचारा. ते वाकतील, मूठभर माती दाबून गोळा करतील, तो टाकून बघतील. त्या मुठीत काय असतं ते तुमच्या कॉलेजात शिकवलं असेलही, पण तुमच्या रानाच्या मातीवर नाही. तुम्हीही मूठ भरून बघा. तुमचा अंदाज आधी सांगा, मग त्यांचा ऐका.

फक्त एक करू नका: 'पाच एकर तुमच्या पद्धतीनं, पाच माझ्या' अशी पैज. एका वर्षाच्या पैजेतून काहीही सिद्ध होत नाही आणि हरणारा मात्र घरातलाच असतो.

पाऊस स्वतःच्या रानात मोजा. मंडळाचं यंत्र तुमच्या बांधापासून कितीतरी लांब असणार. साधा पर्जन्यमापक मिळाला तर उत्तम, नाहीतर तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवून सकाळी पट्टीनं मोजलं तरी चालेल. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हे मामांना सांगा, त्यांना आवडेल. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत पाऊस लिहा, आणि त्याच्या शेजारी आदल्या दिवशी ॲप काय म्हणालं आणि मामा काय म्हणाले तेही लिहा. आदल्या दिवशीच. पाऊस पडून गेल्यावर सगळ्यांनाच आठवतं की आपण तेच म्हणालो होतो. दोन-तीन पावसाळ्यांत त्या कॅलेंडरांत असं काही जमेल जे पारावर कुणाकडेच नाही. कदाचित त्यात कळेल की आभाळ कधी येणार हे ॲपला बऱ्यापैकी कळतं, आणि आलेलं आभाळ तुमच्या शिवारात उतरणार की डोंगराकडे जाणार हे मामांना. कदाचित दोघांनाही नाही. ते बघायचं.

आणि घाईला एक औषध असतं: शेवटची तारीख ठाऊक असणं. मराठवाड्यात सोयाबीन 15 जुलैपर्यंत पेरता येतं. मागच्या वर्षी जूनच्या तोंडाशी तुमच्याकडे जवळपास दीड महिना होता, आणि तुम्ही एकच दिवस असल्यासारखं वागलात. शेजारी पेरणीची तिफण निघाली की आपला जीव खालीवर होतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यासाठी ही तारीखही कॅलेंडरावर लाल पेनानं लिहून ठेवा.

आता राहिलं तिसरं वाक्य. 'आत्याबाई गप्प असतात, त्यांचा प्रश्न नाही.'

तुमच्या घरात बियाणं कोण राखतं? सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते, पोतं आपटलं तरी उगवण कमी होते, थप्पी उंच लावली की खालचं बी दबतं. ते पोतं ओलीपासून, उंदरांपासून वर्षभर कोण जपतं? तरुणपणी तिफणीमागे सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून तुरीची ओळ कुणी टाकली? मामांनी पाहिले तेवढेच पावसाळे त्यांनीही पाहिलेत, आणि त्यांना आजवर कुणी 'कशावरून?' असं विचारलेलं नाही. तुम्हीही, शहाणपण शोधायला निघताना, घरातल्या एका माणसाला वगळूनच निघालात. मामांचं तुमच्याशी जे चुकतंय म्हणता, ते तुमचं त्यांच्याशी होत नाही ना, एवढं बघा.

पेरणीच्या आधी उगवणशक्ती तपासायचीच आहे. पोत्यांतून सरमिसळ करून शंभर दाणे घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सत्तरच्या वर कोंब आले तर एकरी तीस किलोचं नेहमीचं प्रमाण ठीक; त्याखाली आले तर बियाणं वाढवावं लागेल किंवा बदलावं लागेल. हे तुम्हाला पाठच असेल. फक्त दाणे निवडायला आत्याबाईंना बसवा, आणि ठेवताना विचारा, "आत्याबाई, यातले किती उगवतील?" मामांनाही विचारा, तुमचाही आकडा सांगा, तिन्ही आकडे कॅलेंडरात लिहा. सातव्या दिवशी गुंडाळी उघडताना तिघंही हजर राहा, आणि कोंब आत्याबाईंना मोजू द्या.